विकतची वांगी

रुचिकाने पहिली बादली पनवेलहून एसटीने आणली. झाकण घट्ट बसवलेलं होतं, वरून सुतळी आवळलेली होती; तरी वडखळच्या पुढे गाडी खड्ड्यांतून आदळायला लागली तसा आंबूस वास सुटला. "ताई, ताडी घेऊन चाललात का?" कंडक्टरने विचारलं आणि मागचे दोन बाक हसले. तीही हसली. घरी आल्यावर आईला ही हकिगत सांगताना तिला इतकं हसू येत होतं की चपला काढायच्या राहिल्या आणि ती तशीच पडवीत बसून राहिली.

"पन हाय काय ह्याच्यात?" केसरने बादलीला बोट लावून विचारलं.

"कचरा. स्वयंपाकघरातला. सालं, देठं, उरलेला भात, म्हावऱ्याचे काटे, सगळं. प्रत्येक थरावर कोंडा टाकायचा, दाबायचं आणि हवा लागू द्यायची नाही. दोन आठवड्यांत आंबतं. मग मातीत पुरायचं."

"आनि ते तू उलव्याहून इथवर आनलंस?"

"उलव्याला माती कुठाय, आई? सातव्या मजल्यावर?"

केसरचं घर किहीमच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे परस. परसात पाच माड, एक विहीर आणि भाजीपुरती जागा. तिचा नवरा सदा डंपर चालवायचा. रुचिका कॉलेजात असतानाच तो काविळीने गेला. तेव्हापासून केसर रस्त्यावरच्या एका खानावळीत तांदळाच्या भाकऱ्या थापायला जात होती. एकुलती एक मुलगी उलव्याला दिली होती. जावई प्रज्योत उरणच्या बाजूला कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. रुचिका एका दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसायची. सोसायटीतल्या कुणा बाईंनी एका रविवारी सगळ्यांना गच्चीवर बोलावून हे आंबवण्याचं शिकवलं होतं. बाकीच्यांनी महिन्याभरात सोडून दिलं. रुचिकाने धरून ठेवलं.

त्या दिवशी दोघींनी वांग्याच्या दोन ओळींमध्ये चर खणला. रुचिकाने झाकण उघडलं तशी केसरने सवयीने नाकाला पदर लावला आणि मग हळूच काढला. घाण नव्हती. मुरलेल्या लोणच्यासारखा, आंबट, थोडा गोडसर वास होता. वर कापसासारखी पांढरी बुरशी धरली होती.

"पांढरी चांगली," रुचिका म्हणाली. "काळी-हिरवी आली तर हवा शिरली म्हणायचं. मग ते कुजतं. आंबणं वेगळं, कुजणं वेगळं."

त्या हिवाळ्यात परस असा फळला की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. वांगी मुठीत मावेनात. मिरच्या, दुधी, कुंपणावर वालाच्या शेंगा. मूठभर माती उचलली तर बोटांतून गांडुळं वळवळायची. केसर खानावळीतून भाकरीच्या टोपलीबरोबर सालांची पिशवी घरी आणू लागली. रंगाच्या रिकाम्या बादल्या मिळवून प्लंबरकडून त्यांना खाली तोटी बसवून घेतली. रुचिकाने दिलेला कोंडा संपला तेव्हा गिरणीतला भाताचा कोंडा, ताक आणि गूळ घालून स्वतःच कोंडा आंबवायला शिकली. तोटीतून निघणारं पाणी पातळ करून झाडांना घालायची. रुचिका महिन्यातून एकदा यायची, बादली घेऊन. दोन-तीनदा प्रज्योतने गाडीने आणून सोडलं. तो पडवीत मोबाइल बघत बसायचा, चहा घ्यायचा, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचा. वाईट नव्हता. गप्प होता. मायलेकी मागे मातीत हात घालून बसायच्या आणि त्यांना वेळेचं भान राहायचं नाही.

पावसाळ्यात रुचिकाला दिवस गेले. केसरने डिंक, खारका आणून ठेवल्या. तिसऱ्या महिन्यातच मूल गेलं. केसर उलव्याला जाऊन चार दिवस राहिली. रुचिकाची सासू तेव्हा गावाहून कायमची राहायला आली होती. तिला घरात विहीणबाई फार दिवस नको होती, हे केसरला पहिल्याच दिवशी कळलं. निघताना रुचिका लिफ्टपर्यंत आली. लिफ्टचं दार लागता लागता म्हणाली, "वालाला पाणी जास्त घालू नकोस."

त्यानंतर रुचिकाचं येणं थांबलं. दर रविवारी दुपारी फोन यायचा. तब्येत कशी, प्रज्योत कसा, सासूबाई कशा, या सगळ्यावर "बरं आहे" एवढंच. मग ती विचारायची, "परस कसाय?" आणि तिचा आवाज बदलायचा. कुठली वांगी लागली, दुधी कुठवर गेला, गांडुळं दिसतात का. केसर सांगायची आणि ती पलीकडून "हं, हं" करत ऐकायची. एखादी गोष्ट ऐकावी तसं.

दिवाळीनंतर डाळ शिजेनाशी झाली.

आधी केसरला वाटलं, डाळच जुनी असेल. दुसरी आणली. तीही तीन-तीन शिट्ट्या जास्त करूनही टणक. अंगाला साबण लावला तर फेस धरेना. तिने विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन तोंडात धरलं आणि थुंकलं. खारट म्हणावं इतकं खारट नव्हतं. मचूळ होतं, जिभेच्या मागे रेंगाळणारं. हे काय आहे ते तिला ठाऊक होतं, पण तिने ते मनावर घेतलं नाही. भरतीच्या दिवसांत कधी कधी असं होतं, मग पाणी पुन्हा ठीक होतं, असं तिची सासू म्हणायची.

मग वांग्याच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, विस्तवाजवळ धरल्यासारख्या. नवीन रोपं मान टाकू लागली. केसरचा संशय आधी स्वतःवर गेला. खानावळीच्या खरकट्यात लोणचं असतं, सुक्या बोंबलाचे तुकडे असतात. आपणच मातीत मीठ पुरतोय की काय? तिने उष्टं घेणं बंद केलं. सालं तेवढी आणायची आणि तीही दोनदा धुऊन बादलीत टाकायची. आंबट जास्त झालं असेल म्हणून राख मिसळली. चुना टाकला. बादल्या दोन आठवड्यांऐवजी महिनाभर ठेवल्या. झाकण उघडलं की पांढरी बुरशी असायची, वास चांगला असायचा. बादलीत काही खोट नव्हती. तरी मातीवर पांढरट पापुद्रा धरू लागला आणि खणल्यावर गांडूळ दिसेना.

शेजारची बायजा कुंपणापाशी येऊन उभी राहिली. तिचीही विहीर होती, तिलाही दोन वाफे होते. होते म्हणजे मागच्या वर्षीपर्यंत.

"काय धुतेस गो ते? केळीची सालं?"

"खारट जातंय मातीत. बादलीतनंच जात असंल."

"बादली न्हाय, केसर. बाव. तुझी बाव खारी झाली. माझी मागच्याच साली झाली."

"भरतीचं असंल. जाईल."

"कुठं जाईल? मागं बघ किती बोरिंगी मारल्यात. बंगले, पोहायचे हौद, हिरवळी. गोडं पानी वर खेचलं का खालनं दर्या येतो. येतो तो परत जातो का?"

केसरने विहिरीकडे बघितलं. खरं तर कुणा एकाला बोल लावावा असंही नव्हतं. बंगल्यांच्या जमिनी गावातल्यांनीच विकल्या होत्या, त्यात बायजाच्या दिराची होती. बोअर मारायला गावातलीच गाडी आली होती. बंगल्यांचं पाणीही आता मचूळ होत होतं म्हणतात. ते टँकर मागवायचे. गावालाही ग्रामपंचायतीचा टँकर दिवसाआड यायला लागला होता, पण ते पाणी प्यायला आणि शिजवायला. त्यातलं तांब्याभर केसर वांग्याच्या एका रोपाला घालायची. एका रोपाला. बाकीची बघत राहायची.

त्या रविवारी रुचिकाचा फोन आला. आवाज बसलेला होता. सर्दी आहे म्हणाली. मग म्हणाली, "वांगी लागली?"

केसर पडवीत बसली होती. मागचं दार उघडं होतं आणि तिथून करपलेल्या ओळी दिसत होत्या.

"लागली तर," ती म्हणाली.

"किती?"

"चिकार. कुणाला देऊ नि कुणाला नको."

पलीकडे रुचिका हसली. किती तरी दिवसांनी. त्या हसण्यासाठी केसरने आणखी थोडं सांगितलं. कुंपणावर वाल चढलाय. मिरचीला पांढरी फुलं आलीत. फोन ठेवून तिने मागचं दार लोटून घेतलं. पण वाईट वाटत होतं असं नाही. लेकीला दिवसभरात ऐकायला एक तरी चांगली गोष्ट मिळाली, एवढंच तिला वाटलं.

पुढच्या रविवारी थोडं जास्त सांगावं लागलं. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी. लावलेली झाडं वाढतात तशी ही न लावलेलीही वाढत गेली. दुधीला तिने काथ्याचा मांडव घातला. मोगऱ्याला कळ्या आणल्या. कधी कधी फोन ठेवल्यावर तिला मागे जाऊन तो मांडव बघावासा वाटायचा.

एकदा रुचिका म्हणाली, "सुजितदादा उरणला येतो ना ट्रेलर घेऊन? त्याच्याबरोबर दे ना थोडी वांगी. आपल्या परसातली खाऊन किती दिवस झाले."

सुजित बायजाचा मुलगा. केसरला नाही म्हणायला कारण सुचलं नाही. ती चोंढीच्या बाजारात गेली आणि निवडून निवडून वांगी घेतली, आपल्यासारखी, जांभळ्यावर पांढऱ्या रेषा असलेली. पण ती फार स्वच्छ होती. बाजारवाल्याने धुऊन, तेल लावल्यासारखी चकचकीत केली होती. घरी येऊन तिने परसातली माती ओली करून वांग्यांना चोळली, देठांशी थोडी जास्त. मग एकेक वांगं फडक्याने पुसलं, अर्धवट. बायजा कुंपणावरून बघत होती.

"कुनाला फसवतेस?" बायजाने विचारलं.

"कुनाला न्हाय. लेकीला पाठवते."

बायजा घरात निघून गेली.

दोन दिवसांनी, रविवार नसताना, रुचिकाचा फोन आला. "आई, भरली वांगी केली. काय चव गं! इथल्या वांग्यांना हा वासच नाही." केसर "व्हय ना" म्हणाली.

माघात एका सकाळी रिक्षा दारात थांबली. केसर भाकऱ्यांना निघायच्या तयारीत होती. रिक्षातून रुचिका उतरली. दोन बॅगा, एक पिशवी आणि दोन बादल्या. एका बादलीचं झाकण तडकलेलं होतं, त्यावर चिकटपट्टी मारलेली. तिचा चेहरा बारीक झाला होता, पण डोळे चमकत होते.

"रजा घेतलीस?" केसरने विचारलं.

"नोकरी सोडली. कायमची आले, आई."

केसरने बॅगा आत घेतल्या. पाणी दिलं, टँकरचं. चहा ठेवला. रुचिका स्वयंपाकघरात पाटावर बसून बोलत राहिली, खूप दिवस तोंड बंद ठेवलेलं माणूस बोलतं तसं.

"परवा कामावरून आले तर बाल्कनीत बादल्या नाहीत. सासूबाईंनी वॉचमनला सांगून खाली कचऱ्यात टाकल्या होत्या. म्हणाल्या, घरात सडकं साठवतेस म्हणून तुझ्या पोटात काही टिकत नाही."

केसरच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"आणि प्रज्योत?"

"तिथेच बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं. म्हटलं, काहीतरी बोल. हो म्हण, नाही म्हण. तो उठून टीव्हीचा आवाज वाढवायला गेला. मारत नाही, आई. शिव्या देत नाही. पण मूल गेलं त्या दिवसापासून तो माझ्याशी एक वाक्य बोललेला नाही. मी खाली गेले, कचऱ्यातून बादल्या काढल्या, वर आणल्या नि रात्रभर विचार केला." तिने चहाचा कप घेतला. "आणि मग मला वाटलं, मी कशाला रडतेय? माझ्याकडे आहे की. आपला परस आहे. कॉटेजवाल्यांना ताजी भाजी लागते, शनिवार-रविवार तर किती लागते. आपण भाजी देऊ, खत विकू, मोगऱ्याचे गजरे करू. दोघी करू. एवढं सगळं एकटीने फुलवलंस तू, मी आल्यावर तर..."

"आधी न्हाऊन घे," केसर म्हणाली. "परवासातनं आलीस. जरा पड."

"आधी बघते तर."

"ऊन झालंय बाहेर."

"आई, सकाळचे नऊ वाजलेत."

केसर मागच्या दारासमोर उभी होती. तिला बाजूला व्हायचं नव्हतं, आणि उभं राहून काही होणार नाही हेही कळत होतं. रुचिकाने हसत तिचा खांदा धरून तिला सरकवलं आणि ती बाहेर गेली.

केसरने चहाचा कप उचलून मोरीत ठेवला. मग केसर गेली. रुचिका वाफ्यांच्या मधोमध उभी होती. वांग्याची खुंटं होती, काड्या. माती वरून पांढुरकी, भेगा पडलेली. कुंपणावर वालाचा वाळका वेल लोंबत होता. माड तेवढे हिरवे होते. रुचिकाने वाकून मातीचं ढेकूळ उचललं, बोटांनी चुरलं, जिभेला लावलं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं."

"वांगी पाठवलीस मला."

"चोंढीची. बाजारातली."

"माती होती त्यांना."

"मी चोळली."

रुचिका रागावली असती तर केसरला बरं वाटलं असतं. ती फक्त मान हलवत राहिली, हिशेब चुकलेला माणूस हलवतो तशी.

"का गं?"

"तुला तेवढंच एक चांगलं ऐकायला मिळायचं," केसर म्हणाली. "तू हसायचीस. मला वाटलं, तेवढं तरी असू दे हिला."

"तेवढंच होतं, आई," रुचिका म्हणाली. "म्हणून तर आले."

ती विहिरीच्या कठड्यावर बसली. केसर तिच्याजवळ जाऊन उभी राहिली, पण तिच्या डोक्यावर हात ठेवायचा धीर तिला झाला नाही. खानावळीतून बोलावणं आलं तेव्हा रुचिकाच म्हणाली, "जा तू. लोकं खोळंबतील."

संध्याकाळी त्यांनी बादल्या उघडल्या. एक ठीक होती. दुसऱ्या, झाकण तडकलेल्या बादलीत हवा शिरली होती. आत काळं, चिकट, किडे पडलेलं, आणि दुर्गंध असा की बायजाने पलीकडून खिडकी लावून घेतली. दोन्ही पुरल्या. कुठेतरी पुरायलाच हव्या होत्या.

रुचिका लगेच हरली नाही. तिने अलिबागहून कृषी खात्याचा माणूस आणला. त्याने विहिरीचं पाणी बाटलीत नेलं आणि आठवड्याने फोनवर सांगितलं. सरळ माणूस होता. "खत कितीही घाला, मॅडम. माती तुमची चांगलीच आहे. पण प्रत्येक वेळी पाणी देताय म्हणजे मीठ देताय. या पाण्यावर भाजी होणार नाही. नारळ लावा, नारळ सोसतो."

"नारळाला फळ कधी धरतं?"

"सहा-सात वर्षं धरा."

रुचिकाने दोन रोपं लावली. मग पावसाळ्याआधी कौलांच्या वळचणीला पन्हळ बसवला आणि भंगारातून तीन पिंपं आणली. पाऊस लागला, मातीतलं मीठ धुऊन गेलं, आणि श्रावणात परस पुन्हा हिरवा झाला. काकडी, शिराळी, भेंडी. एका कॉटेजने तीन-चारदा भाजी घेतली. खणताना एकदा गांडूळ निघालं तेव्हा रुचिकाने आईला हाक मारली आणि दोघी वाकून बघत राहिल्या. त्या दिवसांत केसरला वाटायचं, जमेल कदाचित.

पण त्यांच्यात काहीतरी मोडलं होतं, ते पावसानेही जुळलं नाही. केसर म्हणायची, "मी जेवले," आणि रुचिका उठून टोपाचं झाकण उघडून बघायची. केसर म्हणायची, "गुडघा बरा हाय," आणि ती गुडघा दाबून बघायची. रागाने नाही. विश्वास ठेवायची सवयच गेली होती. प्रज्योतचा एकदा फोन आला. गॅस बुक करायचा नंबर कुठे आहे, एवढं विचारलं. रुचिकाने सांगितला. त्याने बरं म्हटलं. दोघेही थोडा वेळ फोन धरून राहिले आणि मग त्याने ठेवला.

पाऊस गेला. पिंपांतलं पाणी दसऱ्याला अर्ध्यावर आलं आणि दिवाळीनंतर तळाला लागलं. रुचिका शेवटचं पाणी वाटीने घालत होती, रोपागणिक अर्धी वाटी. मग विहिरीचं घालावं लागलं. कडा करपल्या. या वेळी दोघींनी एकमेकींना काही सांगितलं नाही, दिसतच होतं.

खानावळीत येणाऱ्या एका बाईंच्या ओळखीने रुचिकाला दादरला काम मिळालं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंच्या सोबतीला, राहून, जेवूनखाऊन. "पगार बरा आहे," ती म्हणाली. केसरने विचारलं, "मीही येऊ का तिकडं?" आणि विचारतानाच तिला कळलं की त्या घरात एकाच माणसाची जागा आहे.

केसर तिला मांडव्यापर्यंत पोचवायला गेली. जेट्टीवर गर्दी होती, मुंबईला परतणाऱ्यांची, पोरांच्या हातात शंखशिंपल्यांच्या पिशव्या. लाँचला वेळ होता. मायलेकी बाकावर बसल्या. समोर पाणी शांत होतं, उन्हात चमकणारं. केसरने तिकडे बघायचं टाळलं.

"बाल्कनी हाय का तिथं?" तिने विचारलं.

"नाही. खिडकी आहे."

"मग बादली..."

"नाही, आई. आता नाही करणार."

थोड्या वेळाने रुचिका म्हणाली, "तू पण नको करूस. कुणासाठी करतेस?"

"खानावळीतनं पिशवी देतात. सवयच झालीय त्यांना."

"नको म्हण त्यांना."

"व्हय. सांगते."

रुचिकाने तिच्याकडे बघितलं. खरं की खोटं ते शोधत असावी. मग लाँच लागली, रांग सरकायला लागली, आणि तिने वाकून आईच्या पायांना हात लावला. केसरने तिला उठवून जवळ घेतलं. कोंड्याचा, गुळाचा तो वास तिच्या केसांना अजून होता. आठवड्याभरात जाईल तो.

"उन्हाळ्यात येते," रुचिका म्हणाली.

"ये."

लाँच निघाली तेव्हा खिडक्यांच्या काचांवर ऊन होतं आणि आत कोण कुठे बसलंय ते कळत नव्हतं. केसर सगळ्याच खिडक्यांना हात करत राहिली.

घरी यायला दुपार झाली. खानावळीचा पोऱ्या सालांची पिशवी पडवीत ठेवून गेला होता. ती थोडा वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली. सालं तशीच ठेवली तर कुजणार. तिने साडी खोचली, कोपऱ्यातली तयार झालेली बादली मागे नेली आणि कुदळ घेतली. जमीन टणक झाली होती. वरचा पांढरा पापुद्रा फुटून खाली गेला. झाकण उघडलं. बुरशी पांढरी, स्वच्छ होती, वास अगदी बरोबर. इतकी चांगली बादली बऱ्याच दिवसांत उतरली नव्हती.

ती ओतून तिने वर माती ओढली. पाणी घालायचं होतं, पण ती विहिरीकडे गेली नाही. रिकामी बादली विसळायलाही पाणी हवं होतं. रस्त्याकडून टँकरचा हॉर्न वाजला आणि बायजाने हाक मारली, "केसर, ये गो, आज लवकर आलाय, संपंल." केसरने हात साडीला पुसले, दोन हंडे उचलले आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली.